व्हेनिसला एकटीने पहिल्यांदा जाताना: पहिले तीन तास बांधून ठेवा, बाकीचे दिवस मोकळे सोडा

प्रश्न असा आला आहे: "वय ४४, सांगलीजवळ राहते, सहकारी बँकेत नोकरी. पासपोर्टवर आजवर एकही शिक्का नाही. व्हेनिस पाहायची इच्छा शाळेपासूनची. नवऱ्याला रजा मिळत नाही, मुलगी बारावीला; दोघंही म्हणतात तू जाऊन ये. बाकी सगळे म्हणतात ग्रुप टूर घे. सहा दिवस एकटीने फक्त व्हेनिसला जाणं शहाणपणाचं आहे का? इंग्रजी कामापुरतं येतं. पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. सगळ्यात मोठी भीती हरवण्याची."

ताई, जा. एकट्याच जा आणि फक्त व्हेनिसलाच जा.

मी १७ वर्षं युरोपच्या ग्रुप टूरवर टूर मॅनेजर होते. आता एकट्याने पहिल्यांदा परदेशी निघालेल्यांना आखणी करून देते. ग्रुप टूरबद्दल माझा आकस नाही, माझं घर त्यावर चाललं. पण ग्रुपला व्हेनिस कसं दिसतं हे मी आतून पाहिलं आहे. मुक्काम बहुतेक वेळा मेस्त्रेला, म्हणजे जमिनीवरच्या उपनगरात. सकाळी बस त्रोंकेत्तो बेटावर, तिथून मोठ्या बोटीने सान मार्को चौक, काच फुंकण्याचं प्रात्यक्षिक, अर्धा तास गोंडोला, जेवण, खरेदीला तासभर आणि परत. चार-पाच तासांत शहर उरकतं, आणि तेही दिवसाच्या सगळ्यात गर्दीच्या वेळी. संध्याकाळी पाचनंतर दिवसाची माणसं निघून जातात, गल्लीत आपल्याच चपलांचा आवाज येऊ लागतो, काठावर शाळकरी मुलं चेंडू खेळतात. ते व्हेनिस ग्रुपला दिसतच नाही. या शहरात झोपणं हीच तुमच्या सहलीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. म्हणून हॉटेल बेटांवरच घ्या. मेस्त्रेत पैसे वाचतात हे खरं, पण पैसे वाचवायचे असतील तर मुक्कामाच्या रात्री कमी करा, जागा बदलू नका.

पहिल्या एकट्या प्रवासासाठी हे शहर मला युरोपात सर्वांत सोयीचं वाटतं, याला कारण आहे. इथे गाड्या नाहीत. रस्ता ओलांडताना उजवीकडे बघू की डावीकडे हा गोंधळ नाही, मागून सायकल येण्याची भीती नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत तास-सव्वा तास लागतो. रात्री दहा वाजता एकट्या बाईने गल्लीतून चालावं इतकं ते सुरक्षित आहे. हे मी स्वतः चालून सांगते आहे. पाकीटमार आहेत, गर्दीच्या बोटीत, रियाल्तो पुलावर आणि सान मार्कोत. पर्स पुढे धरा, मंगळसूत्र पातळ असलेलं न्या, एवढं पुरेसं आहे.

आता भीतीकडे येते. पहिल्यांदा एकट्याने जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला मी हेच सांगते: तुमची भीती सहा दिवसांची नाही, ती विमानातून उतरल्यापासून हॉटेलच्या खोलीचं दार लावेपर्यंतची आहे. ते साधारण तीन तास. तेवढे तास मिनिटामिनिटाने बांधून ठेवले, कागदावर लिहून घेतले, की पुढचे दिवस मोकळे सोडता येतात. लोक नेमकं उलटं करतात. रोज सकाळी नऊ ते रात्री नऊ काय बघायचं याचा तक्ता तयार असतो आणि विमानतळाबाहेर कोणती बस हे माहीत नसतं.

तेव्हा ते तीन तास असे.

मुंबईहून व्हेनिसला थेट विमान नाही. दुबई, दोहा, इस्तंबूल किंवा युरोपातल्या एखाद्या विमानतळावर बदलावं लागतं. आखातातून गेलात तर इमिग्रेशन थेट व्हेनिसला होतं. फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी बदललंत तर तिथेच, कारण शेंगेन भागात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, तुम्ही तिथे शिरता. पहिल्या खेपेला मी आखातातला मार्ग सुचवते. रांगेत उभं राहून पुढचं विमान चुकेल का ही धाकधूक राहत नाही. उतरण्याची वेळ दुपारी तीनच्या आधीची निवडा. पाच हजार रुपये जास्त पडले तरी चालेल, पण अनोळखी शहरात पहिल्यांदा पाऊल उजेडातच पडू दे. विमानतळाचं नाव मार्को पोलो असायला हवं. स्वस्तातली काही विमानं त्रेविसोला उतरतात, ते शहर वेगळं आहे.

इमिग्रेशनच्या खिडकीवर एका फोल्डरमध्ये परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, विमा आणि बँकेचं रजापत्र. बहुतेकदा काही विचारत नाहीत. विचारलं तर दोन वाक्यं: सहा दिवस, पर्यटनासाठी, हे हॉटेल. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे थोडा जास्त वेळ धरा.

बाहेर आलात की टॅक्सीकडे बघूही नका. पाण्यातली टॅक्सी शंभर युरोच्या वर जाते. बसचं तिकीट यंत्रावर किंवा खिडकीवर मिळतं, साधारण दहा युरो, आणि वीस-पंचवीस मिनिटांत बस पियात्साले रोमाला पोचवते. विमानतळावरून थेट बोटही आहे. ती दहा मिनिटं चालण्याच्या अंतरावरच्या धक्क्यावरून निघते. जरा महाग आणि बरीच सावकाश, पण हॉटेल तिच्या थांब्याजवळ असेल तर सामान एकदाच चढवायचं आणि एकदाच उतरवायचं. कोणती घ्यायची हे हॉटेल कुठे आहे त्यावरून घरीच ठरवा.

पियात्साले रोमा म्हणजे चाकांचा शेवट. बस इथपर्यंत, पुढे बोट किंवा पाय. शहर जमिनीला जोडलेलं आहे ते एका लांबलचक पुलाने. रेल्वेचा पूल १८४६ मधला, मोटारींचा त्याला लागून १९३३ मधला. त्याआधी हजारभर वर्षं इथे यायचं तर नावेतूनच. तुम्ही रोम किंवा मिलानहून रेल्वेने आलात तर मेस्त्रे स्टेशनवर उतरू नका, शेवटच्या सांता लुचियाला उतरा. तिथल्या पायऱ्यांवर आलं की समोर रस्ताच नसतो, सरळ मोठा कालवा. मी किती माणसांना त्या पायऱ्यांवर आणलं असेल, प्रत्येक वेळी दोन मिनिटं कुणी बोलत नाही.

इथून व्हापोरेत्तो, म्हणजे पाण्यातली बेस्ट बस. एका फेरीचं तिकीट ९.५० युरो, ७५ मिनिटं चालतं. म्हणून सुटी तिकिटं घेऊ नका: ७२ तासांचा पास ४५ युरो, सात दिवसांचा ६५. तुम्ही सहा दिवस राहणार, सात दिवसांचा घ्या आणि मग कुठेही बिनधास्त चढा-उतरा. पास प्रत्येक वेळी चढण्याआधी यंत्रावर टेकवायचा, पास खिशात असून टेकवला नाही तरी दंड होतो. मोठ्या थांब्यांवर एकच धक्का नसतो, अ, ब, क, ड असे चार-पाच तरंगते धक्के असतात आणि एकाच क्रमांकाची बोट दोन दिशांना दोन धक्क्यांवरून सुटते. वरच्या पाटीवर आपला थांबा वाचूनच आत जा. १ क्रमांकाची बोट मोठ्या कालव्याचे बहुतेक सगळे थांबे घेत सावकाश जाते, २ क्रमांकाची भरभर. यंत्राजवळ कुणी "मदत करतो" म्हणत आलं तर मान हलवून नको म्हणा.

आणि आता पत्ता. इथे मी जरा थांबते, कारण तुमची हरवण्याची भीती नेमकी इथे आहे, आणि मी स्वतः इथे चुकले आहे.

ग्रुप घेऊन बरीच वर्षं व्हेनिसला गेल्यावर मी पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा नोव्हेंबर होता, रात्रीचे नऊ. हॉटेलच्या कागदावर गल्ली होती 'काल्ले देल फोर्नो'. मी नकाशात नाव टाकलं, बाणामागे गेले, बॅग चार पुलांवरून उचलून नेली, आणि गल्ली सापडली. पण हॉटेल तिथे नव्हतं. फोर्नो म्हणजे भट्टी, पाव भाजायची. जुन्या काळी प्रत्येक वस्तीत भट्टी होती, त्यामुळे या नावाच्या गल्ल्या शहरात अनेक आहेत. मी बरोबर गल्लीत होते, पण चुकीच्या वस्तीत. दुकान बंद करणाऱ्या एका आजोबांनी माझा कागद दिव्याखाली धरला, गल्लीच्या नावावर अंगठा ठेवून ते झाकलं आणि त्याच्या शेजारचा शब्द व आकडा दाखवला: कास्तेल्लो, आणि चार अंकी क्रमांक. "हा बघायचा," असं ते खुणेने म्हणाले. त्या अंगठ्याने मला जे शिकवलं ते १७ वर्षांच्या नोकरीने शिकवलं नव्हतं.

व्हेनिसचे सहा भाग आहेत, त्यांना सेस्तिएरे म्हणतात: सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेजो, दोर्सोदूरो, सान पोलो, सांता क्रोचे. घरांचे क्रमांक गल्लीनुसार नसतात, सबंध सेस्तिएरेला एकापासून हजारांपर्यंत सलग दिलेले असतात. म्हणजे आपल्याकडच्या गावठाणातल्या घर नंबरासारखं. २१०० क्रमांकाचं घर एकाहून अधिक सेस्तिएरेंमध्ये असतं. तेव्हा पत्त्यात तीन गोष्टी लागतात: सेस्तिएरे, क्रमांक आणि गल्ली, याच क्रमाने. बुकिंग करतानाच हॉटेलला एक ओळ लिहा: सर्वांत जवळचा बोटीचा थांबा कोणता आणि तिथून दारापर्यंत किती पूल आहेत? पूल म्हणजे पायऱ्या, आणि पायऱ्या म्हणजे बॅग उचलणं. दोनपेक्षा जास्त पूल असतील तर दुसरं हॉटेल बघा. लिफ्ट आहे का हेही विचारा, जुनी घरं आहेत. बॅग अशी हवी की ती एका हाताने वीस पायऱ्या नेता येईल. घरीच जिन्यावर करून बघा.

अरुंद गल्ल्यांत फोनवरचा निळा ठिपका उड्या मारतो, कधी कालव्याच्या पलीकडे दाखवतो. म्हणून शहराचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा, पण चालताना भिंतींकडे बघा. कोपऱ्यांवर पांढऱ्या चौकटीत काळ्या अक्षरांत नावं रंगवलेली असतात, त्यांना तिथली माणसं 'निझिओलेती' म्हणतात, म्हणजे छोट्या चादरी. आणि पिवळ्या पाट्या बाण दाखवतात: 'पेर रियाल्तो', 'पेर सान मार्को', 'आला फेरोव्हिया' म्हणजे स्टेशनकडे. या तीन पाट्यांवर विसंबून तुम्ही शहरात कुठूनही परत येऊ शकता. चार शब्द ओळखीचे करून घ्या: काल्ले गल्ली, काम्पो चौक, फोंदामेंता कालव्याकाठची वाट, रिओ छोटा कालवा. पियात्सा मात्र एकच, सान मार्कोचा. आणि वाट चुकलीच तर काय होईल? पाणी लागेल. काठाकाठाने चालत राहिलं की बोटीचा थांबा येतो, पास खिशात आहे, बसायचं आणि ओळखीच्या थांब्यावर उतरायचं. तिसऱ्या दिवशी तुम्ही मुद्दाम चुकायला निघाल.

व्हिसाचं थोडक्यात. इटलीचा शेंगेन व्हिसा, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तुम्ही दोन-अडीच महिने आधी करा. शुल्क ९० युरो आणि वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा आकार. विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध हवा. तुमच्या बाबतीत वजनदार कागद म्हणजे बँकेचं रजा मंजुरीचं पत्र, पगाराच्या स्लिपा आणि खात्याचा उतारा. अर्जाच्या आधल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम टाकू नका, ते लगेच डोळ्यांत भरतं. तुम्ही बँकेत आहात, तुम्हाला हे मी काय सांगू. सोबतचं पत्र कुणाचं तरी उतरवू नका. एकटी का जाते आहे, घरी कोण आहे, परत का येणार, हे साध्या इंग्रजीत स्वतः लिहा.

पैसे: फॉरेक्स कार्ड आणि दीडशे-दोनशे युरो रोख. यंत्राने विचारलं की रुपयांत आकारू की युरोंत, तर युरो. रुपये निवडले की दर त्यांचा लागतो. हॉटेलात शहर कर वेगळा द्यावा लागतो, माणशी दर रात्रीचे काही युरो. दिवसापुरतं येणाऱ्यांसाठी २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक तारखांना प्रवेश शुल्कही सुरू झालं. मुक्काम करणाऱ्यांना ते नाही, पण त्या तारखांना सूट असल्याची नोंदणी ऑनलाइन करून क्यूआर कोड फोनमध्ये ठेवावा लागतो. शंका असेल तर हॉटेलला विचारा. रोजची औषधं चिठ्ठीसकट न्या. आणि एक गोष्ट जी बायका विचारायला संकोचतात: इटलीत बाथरूममध्ये कमोडशेजारी बिदे, म्हणजे धुण्यासाठी नळ असलेलं बसकं भांडं असतं, १९७५ च्या एका सरकारी आदेशाने घरांत ते बंधनकारकच केलं आहे. हॉटेलातही बहुतेक ठिकाणी असतं. पाण्याची अडचण होत नाही.

जेवण. शाकाहारी, अंडंही नाही, हे इटलीत निभतं, पण नावावर विश्वास ठेवून चालत नाही. व्हेनिस हे माशांचं शहर आहे. 'बीगोली इन साल्सा' दिसतो जाड शेवयांना कांद्याचा रस्सा लावल्यासारखा, त्यात खारवलेले छोटे मासे विरघळवलेले असतात. रिसोतोचा भात बहुधा मांसाच्या किंवा माशांच्या पाण्यात शिजतो. उलट 'पिझ्झा मारिनारा' ऐकून माणूस दचकतो, पण तिच्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढंच. ताज्या पास्त्यात अंडं असतं, कोरड्या पास्त्यात सहसा नसतं, म्हणून विचारायचं: 'सेक्का?' म्हणजे सुका का. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध फाडणारा पदार्थ, असतो. ते चालत नसेल तर 'सेंत्सा फोर्माज्जो'. बाकी वाक्य एकच पाठ करा: 'सोनो वेजेतारियाना, सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा उओवा.' मी शाकाहारी, मांस नको, मासे नको, अंडं नको. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून वेटरच्या हाती दिलं तर तो स्वयंपाकघरात नेऊन दाखवतो, मी हे पुष्कळदा पाहिलं आहे.

दुकानात शिरताना आधी 'बोंज्योर्नो' म्हणा, मग मागा. न बोलता वस्तूला हात लावलेला त्यांना आवडत नाही. कॉफी काउंटरला उभ्याने प्या. बसलात की दर वाढतो, आणि सान मार्को चौकात वाद्यवृंद वाजत असेल तर त्याचे पैसेही बिलात लागतात. बिलात 'कोपेर्तो' दिसेल, ते ताट मांडण्याचे पैसे, फसवणूक नाही. पाणी विकत घेऊ नका, चौकाचौकांत लोखंडी नळ चोवीस तास वाहतात आणि ते पाणी उत्तम आहे. थेपले, मेतकूट, चटणी न्या, दोन दिवसांपुरती. तुमच्यासाठी नाही म्हणा हवं तर, विमान उशिरा पोचलं तर असावी म्हणून.

रियाल्तोच्या भाजी बाजारात एका सकाळी नक्की जा. रविवारी बंद असतो. मासळीचा भाग शेजारीच आहे, वास सोसत नसेल तर कालव्याच्या बाजूने या. तिथे भाजीवाला हातात वाकडी सुरी घेऊन उभा असतो आणि आर्टिचोक ही कळीसारखी भाजी सोलतो. तीन-चार फटक्यांत बाहेरची सगळी पानं खाली, आणि हातात उरते फक्त तळाची चकती, पेढ्याएवढी. ती तो लिंबाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत टाकतो, काळी पडू नये म्हणून. आपण केळफूल किंवा वांगं चिरून पाण्यात टाकतो ना, अगदी तसं. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा आईच्या हातांची आठवण झाली. त्या चकत्या लसूण-तेलात शिजवलेल्या मिळतात, 'फोंदी दी कार्चोफी' म्हणून मागा.

काय बघायचं याची यादी मी देणार नाही, ती कुठेही मिळते. तीनच गोष्टी सांगते. पहिली: एका पहाटे साडेसहाला स्टेशनपाशी १ क्रमांकाच्या बोटीत पुढची जागा धरा आणि सान मार्कोपर्यंत जा, पाऊण तास. त्या वेळी शहर कामाला लागलेलं असतं. कचऱ्याची बोट, विटा-सिमेंटची बोट, हॉटेलांची धुणी नेणारी बोट. दवाखान्याची रुग्णवाहिकासुद्धा बोटच. मोठा कालवा बघायला गोंडोलाची गरज नाही. गोंडोलाचा ठरलेला दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०, तो सबंध नावेचा, माणशी नाही, म्हणून एकटीला महाग पडतो. गोंडोलात बसण्याची हौस असेल तर 'त्रागेत्तो'ने, म्हणजे लोकांना पलीकडे सोडणाऱ्या सामाईक गोंडोलाने, कालवा ओलांडा, दोन युरोंत दोन मिनिटं.

दुसरी: सान मार्कोचा मनोरा चढायला रांग लावण्यापेक्षा समोरच्या सान जोर्जो माज्जोरे बेटावरच्या चर्चच्या मनोऱ्यावर जा. लिफ्ट आहे, गर्दी कमी, आणि मुख्य म्हणजे तिथून सान मार्को दिसतो.

तिसरी गोष्ट तुम्ही मराठी बाई आहात म्हणून. माझ्या आजीची पुतळ्यांची माळ होती. लहानपणी मी तिच्या मांडीवर बसून एकेका चकतीवरची झिजलेली माणसं बोटाने चाचपायची. ती माळ कुठून आली हे मला व्हेनिसमध्ये कळलं. व्हेनिसने १२८४ पासून सोन्याचं नाणं पाडलं, डुकॅट, साडेतीन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला संत मार्क उभा आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला डोज म्हणजे तिथला प्रमुख, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू. मिरी आणि मसाल्यांच्या बदल्यात हे सोनं तांबड्या समुद्रातून आणि आखातातून आपल्या किनाऱ्याला आलं. सोन्याचा कस पक्का म्हणून ते जपलं गेलं, त्यावरच्या आकृत्यांमुळे आपल्याकडे ते 'पुतळी' झालं, ओवलं गेलं, आणि आपल्या सोनारांनी तशाच चकत्या घडवायला सुरुवात केली. सान मार्कोच्या चौकातून पाण्याकडे आलात की उजव्या हाताला, काठालगत जड दगडी तोंडाची एक इमारत आहे, 'झेक्का'. हीच ती टांकसाळ. आज तिथे मार्चाना ग्रंथालयाचा भाग आहे. कुणीही तिच्यापाशी थांबत नाही. तुमच्या घरात कुणाची पुतळ्यांची माळ असेल तर माळ घरीच राहू द्या, पण एका पुतळीचा जवळून फोटो फोनमध्ये घेऊन जा. त्याच चौकातल्या कोर्रेर संग्रहालयात जुन्या नाण्यांचा संग्रह आहे, तिथे फोटो शेजारी धरून बघा.

बुरानो, मुरानो, तोर्चेल्लो या बेटांना एक सबंध दिवस द्या, १२ क्रमांकाची बोट फोंदामेंते नोव्हेहून सुटते. तोर्चेल्लो आधी करा. ते जवळजवळ रिकामं आहे, आणि तिथल्या जुन्या चर्चमधलं भिंतभर मोझेक शांतपणे बघायला मिळतं. मुरानोची काच आणि बुरानोची लेस मुंबई-पुण्यात दाखवण्यासाठी घेऊ नका, आवडली तर एक छोटी वस्तू स्वतःसाठी घ्या.

कधी जायचं? एप्रिलचा पहिला पंधरवडा किंवा ऑक्टोबर. उन्हाळ्यात उकाडा आणि डास, फेब्रुवारीत कार्निव्हलची गर्दी. ऑक्टोबर ते डिसेंबर भरतीचं पाणी चढतं, तिथे त्याला 'आक्वा आल्ता' म्हणतात. ४ नोव्हेंबर १९६६ ला पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत गेलं होतं, १२ नोव्हेंबर २०१९ ला १८७. ऑक्टोबर २०२० पासून खाडीच्या तीन तोंडांवर ७८ दारांचा अडसर भरतीच्या वेळी वर येतो, त्यामुळे तसा पूर आता सहसा येत नाही. सान मार्को सखल आहे, तिथे थोडं पाणी साचू शकतं. ते तास-दोन तासांत ओसरतं. घाबरून सहल रद्द करण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. दुसऱ्या संध्याकाळी तुम्हाला रडू येईल. पहिल्या दिवशी पोचल्याचा आनंद असतो, दुसऱ्या दिवशी पाय दुखतात, समोर सगळं सुंदर असतं आणि "अगं बघ" म्हणायला शेजारी कुणी नसतं. मी आखणी करून दिलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणींनी त्याच संध्याकाळी मला फोन केला आहे. तेव्हा परतीचं तिकीट बदलू नका. गरम काहीतरी खा, लवकर झोपा. तिसऱ्या सकाळी कॉफीवाला तुम्हाला ओळखतो आणि न विचारता कप पुढे करतो, तिथून पुढे ते शहर तुमचं होतं. घरी फोनची एकच वेळ ठरवा. उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात, हिवाळ्यात साडेचार. तिथले संध्याकाळचे सहा बरे, मुलगी अजून जागी असेल. दिवसभर प्रत्येक पुलाचा फोटो ग्रुपवर टाकू नका, उत्तरं देण्यात शहर निघून जातं.

अडचणीचा नंबर ११२, सबंध युरोपात. पासपोर्टची एक झेरॉक्स बॅगेत, एक फोटो मेलमध्ये, मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत.

तारखा ठरवून हॉटेलांची दोन-तीन नावं काढली की सेस्तिएरे आणि क्रमांकासकट पत्ते मला पाठवा. थांब्यापासून दारापर्यंतचे पूल मी मोजून सांगते, आणि पहिल्या तीन तासांचा कागद आपण दोघी मिळून लिहू.